नाक वर गेलं म्हणजे पकड आली असं नाही

पत्राचा सारांश : वाचक साताऱ्याचे, पस्तिशीतले, व्यवसाय करणारे. त्यांनी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली आहे. गाडी फार कमी चाललेली. आठवड्यातून एकदा पुण्याची फेरी, रविवारी बायको-मुलीला घेऊन यवतेश्वरमार्गे कास नाहीतर पाचगणी, आणि वर्षाकाठी एखाददुसरी धावपट्टीवरची ड्रॅग शर्यत (सरळ पट्टीवर उभ्या गाडीने सुटायची). शर्यतीत सुटताना मागची चाकं धडधडतात, जागेवर फिरतात आणि निम्म्या ताकदीच्या गाड्या पुढे निघून जातात. ‘गाडी नाक वर करून सुटेल’ म्हणत एका मिस्त्रीने पूर्ण ड्रॅग सेटअप सुचवला आहे : पुढे मऊ स्प्रिंग आणि ९०/१० शॉकअप, पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं आवरणारी आडवी दांडी) काढून टाकायचा, पुढे अरुंद चाकं, मागे ड्रॅग रेडियल टायर. थोरले बंधू म्हणतात, घरच्या गाडीला हात लावू नकोस. वाचकांचा प्रश्न : रस्त्यावर जपून चालवली तर हाच सेटअप रोज चालेल ना? आणि दादांना कसं पटवायचं?

उत्तर :

मिस्त्रीच्या यादीपुरतं दादांचंच बरोबर आहे, त्यामुळे पटवायचा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. पण गाडीला हातच लावू नको, हेही पूर्ण खरं नाही. सुटताना होणारी धडधड हा तुमच्या पिढीच्या मस्टँगचा ठाऊक असलेला दोष आहे. तो बराचसा दुरुस्त होतो, आणि ती दुरुस्ती रस्त्यावरही सोसते. फक्त ती या यादीत नाही.

आधी ‘नाक वर करून सुटेल’ या आश्वासनाकडे बघू, कारण तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे. गाडी जोरात सुटते तेव्हा मागच्या चाकांवर किती वजन सरकतं हे तीन गोष्टी ठरवतात : प्रवेग, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन एक्सलमधलं अंतर. तुमची गाडी चालकासह अंदाजे १८०० किलो धरा, व्हीलबेस २.७२ मीटर, गुरुत्वमध्य साधारण अर्धा मीटर उंचीवर. ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) प्रवेगाने सुटलात तर मागे जवळपास २०० किलो सरकतात. या हिशोबात स्प्रिंग कुठेच नाही. नाक चार बोटं उचललं काय नि एक वीत उचललं काय, सरकणारं वजन जवळजवळ तेवढंच. मऊ स्प्रिंग आणि सैल शॉकअप बदलतात तो वजन सरकण्याचा वेग आणि क्रम. चिकट, बिनखाचांचे स्लिक टायर आणि गोंद फवारलेली शर्यतीची पट्टी असेल तर त्या क्रमावर शर्यत जिंकता-हरता येते. साध्या टायरवर, साध्या डांबरावर त्याचा फायदा फारच थोडा.

उलट दिशेचा हिशोबही करून बघा. यवतेश्वरच्या उतारावर समोर म्हैस आली आणि तुम्ही ०.९ जीने ब्रेक दाबलात, तर पुढच्या चाकांवर सुमारे ३०० किलो जास्तीचे येतात. म्हणजे गाडीचं साधारण ७० टक्के वजन तेव्हा पुढच्या दोन टायरवर असतं. मिस्त्री नेमके तेच टायर अरुंद करायला सांगतो आहे. शिवाय ड्रॅगची अरुंद चाकं जीटीच्या मोठ्या पुढच्या ब्रेक कॅलिपरवर बहुधा बसतच नाहीत. मग ‘ब्रेक लहान करू’ असा पुढचा सल्ला येतो. तिथे गॅरेजमधून गाडी परत घ्यावी.

आता ९०/१० शॉकअप. रस्त्याच्या शॉकअपमध्ये दाबताना होणारा विरोध कमी आणि ताणताना होणारा जास्त असतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद उसळून बाहेर पडते, तिला आवरणं हे शॉकअपचं मुख्य काम. ९०/१० मध्ये हे सगळं उलटं असतं : ताणताना जवळपास मोकळा, दाबताना घट्ट. नाक झटकन वर जावं आणि वरच थांबावं, एवढ्यासाठीच तो बनवलेला. तो घालून आनेवाडी टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जाऊन बघा. प्रत्येक पट्टीला शॉकअप चटकन ताणला जाईल, पण तितक्या चटकन परत बसणार नाही. चार-सहा पट्ट्यांत नाक वर चढून बसेल, आणि पुढचा खड्डा थेट बॉडीला लागेल. नाक वर-खाली झालं की चाकांचा टो (वरून बघताना चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) आणि कॅम्बरही (समोरून बघताना झुकलेलं असण्याचा कोन) बदलतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगला सारखं सावरत राहावं लागतं. हे गाडी जपून चालवल्याने टळत नाही. खड्डा तुमचा वेग विचारून येत नाही.

उसाची बैलगाडी मागं जास्त भरली की उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि बैल ओढतात तिकडे गाडी येईलच याची खात्री राहत नाही. चढाच्या वळणावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर या सेटअपचं तेच होतं : चढामुळे वजन आधीच मागे, त्यात नाक मोकळं, आणि वळायचं काम ज्या टायरनी करायचं ते हलके.

यादीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट मात्र शॉकअप नाही, पुढचा अँटी-रोल बार काढणं आहे. बहुतेकांना वाटतं की बार काढला की गाडी फक्त जास्त कलेल. खरी भानगड वेगळी आहे. वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन पुढचा आणि मागचा एक्सल आपापल्या कडकपणाच्या प्रमाणात वाटून घेतात. पुढचा बार गेला की पुढचा वाटा घटतो आणि मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कमी वाढते, म्हणून मागचा एक्सल आधी सुटतो. कंपनीने गाडी मुद्दाम अशी बसवलेली असते की पकड सुटलीच तर आधी पुढून सुटावी, कारण घाबरून पाय उचलणारा माणूस त्यातून वाचतो. मागून सुटलेली गाडी पाय उचलल्यावर आणखी फिरते. जुलैत कासच्या वाटेवर, धुक्यात, ओल्या शेवाळलेल्या डांबरावर, मागच्या सीटवर मुलगी असताना हा प्रयोग नको.

ड्रॅग रेडियलबद्दल थोडक्यात. त्यांच्यावर खाचा नावापुरत्या असतात, रबर मऊ असतं, आणि बर्नआउट करून, म्हणजे जागेवर फिरवून, तापवल्याशिवाय ते नीट धरत नाहीत. ओल्या रस्त्यावर ते ना तापतात, ना पाणी बाहेर टाकतात. साताऱ्यात जून ते सप्टेंबर त्यांचं काही काम नाही, आणि नंतर गळीत हंगामात ट्रॉल्यांमागे सांडलेला पाला आणि चिखल आहेच. कुणी मागे बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांचे) स्लिक सुचवले तर पुढच्या रेडियलशी त्यांची जोडी रस्त्यावर अजिबात लावू नका. दोन्हींच्या बाजूच्या भिंती वेगवेगळ्या तऱ्हेने वाकतात आणि वेगात गाडी डोलायला लागते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येऊ. पत्रात टायरविषयी एक शब्द नाही, म्हणून विचारावंसं वाटतं : टायरची तारीख बघितली आहे का? टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांपुढच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीवर बरेचदा मूळचेच टायर असतात. खाचा दिसायला नव्यासारख्या, पण रबर कडक झालेलं. सहा वर्षांच्या वरचा टायर असेल तर सस्पेन्शनला दोष देण्याआधी तो बदला. चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, कंपनीने दिलेल्या मापाचे घ्या. ट्रेडवेअरचा (रबर किती टिकतं याचा, टायरवर छापलेला) आकडा ३०० च्या आसपासचा असलेला उन्हाळी स्पोर्ट टायर घाटात, पावसात आणि पट्टीवर तिन्हीकडे निभावतो. तुमच्या तक्रारीतला मोठा वाटा एवढ्यानेच संपला तर नवल नाही.

राहिली धडधड. २०१५ पासूनच्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलतात, आणि ते सगळं बॉडीखालच्या एका वेगळ्या चौकटीवर, सबफ्रेमवर, बसतं. सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशांवर, म्हणजे सांध्यातल्या गाद्यांवर, बॉडीला टांगलेली असते. पाय दाबलात की सबफ्रेम आणि डिफरन्शिअल (ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) रबर पिळून फिरू बघतात. टायर निसटला की रबर झटक्याने परत येतं, टायर पुन्हा धरतो, पुन्हा पिळतो. हे सेकंदाला अनेकदा होतं, तीच तुमची धडधड. त्यात ड्राइव्हशाफ्ट आणि डिफ तुटतात, म्हणून आजपासूनच एक सवय लावा : धडधड सुरू झाली की त्याच क्षणी पाय उचलायचा. ‘जरा वेळाने धरेल’ म्हणत दाबून ठेवायचं नाही.

इथे एक सावधगिरी. ड्रॅग मस्टँगबद्दल जे साहित्य आणि व्हिडिओ मिळतात त्यातले कितीतरी २०१४ पर्यंतच्या गाड्यांचे आहेत. त्यांना मागे एकसंध एक्सल होता. खालच्या आर्मचे ब्रॅकेट, पिनियन अँगल, मागचा जाड ड्रॅग बार हे सगळे उपाय त्या एक्सलचे. भारतात फोर्डने विकलेली एकही मस्टँग तशी नाही. तुमच्या मिस्त्रीने ‘पिनियन अँगल’ हा शब्द काढला तर तो दुसऱ्याच गाडीचं औषध देतो आहे असं समजा.

तुमच्या गाडीवर करायचं काम असं. सबफ्रेमच्या मूळ रबरी बुशांच्या मोकळ्या फटीत बसणारे लॉकआउट इन्सर्ट मिळतात, पॉलीयुरेथेनचे किंवा ॲल्युमिनियमचे. रबर तसंच राहतं, फक्त त्याची हालचाल अडते. सोबत डिफच्या बुशांसाठी पॉलीचे इन्सर्ट. यामुळे केबिनमध्ये डिफचा बारीक सूर थोडा वाढतो, बाकी रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. रबर काढून पूर्ण ॲल्युमिनियमचे बुश ठोकू नका. पुण्यापर्यंत डिफचं रडगाणं ऐकत जावं लागेल. मागच्या लिंकना रोझ जॉइंट (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) लावायचा मोहही टाळा. आपल्या धुळीत आणि चिखलात रबरी आवरण (बूट) नसलेला रोझ जॉइंट लवकरच खडखडायला लागतो.

काम करताना चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. चारही सबफ्रेम बोल्ट एकदम सैल केले की सबफ्रेम सरकते आणि मागची चाकं तिरकी बसतात. म्हणून खालून ट्रान्समिशन जॅकचा आधार ठेवून एका वेळी एकच बाजू उतरवायची. बोल्ट नवे घ्यायचे आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर टॉर्क पान्याने आवळायचे, इम्पॅक्ट गनने ‘बसला’ म्हणून सोडायचं नाही. सस्पेन्शन आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीला आवळायचे. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट, छापील कागदासह. मागचा टो दोन्ही बाजूंना सारखा हवा. काम संपल्यावर आणि साधारण १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट २०४ न्यूटन-मीटरवर पुन्हा तपासा.

एवढं करून एक शर्यत खेळा. मग पैसे आणि उत्साह उरला तरच ॲडजस्टेबल शॉकअपचा विचार. रिबाउंड (ताणतानाचा विरोध) आणि कॉम्प्रेशन (दाबतानाचा विरोध) वेगवेगळे फिरवता येतील असेच घ्या. स्प्रिंग मूळच्या ठेवा. गाडी खाली बसवायची हौस असेल तर आधी चालक बसलेला आणि टाकी भरलेली असताना सगळ्यात खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची मोजा. प्रमाणित स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावोगावचे त्या मापाचे नाहीत हे तुम्हाला सांगायला नको.

शर्यतीच्या दिवशी त्याच गाडीतून बरंच काढता येतं. पट्टीवर पोचल्यावर पुढच्या अँटी-रोल बारच्या दोन्ही लिंक (त्याला दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) खालच्या टोकाला सोडवा आणि काही घासणार नाही अशा बेताने केबल टायने बांधून ठेवा. बार जागेवरच राहतो, काम तेवढ्यापुरतं बंद. पुढच्या शॉकअपचा रिबाउंड तीन-चार क्लिक सैल, मागचं कॉम्प्रेशन दोन क्लिक घट्ट. मागचा भाग बसू न देण्याचं कारण असं की स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी मागे बसली की चाकं आत झुकतात आणि टायर आतल्या कडेवर चालतो. रोजच्या टायरची मागची हवा थंड असताना २६ ते २८ पीएसआयपर्यंत उतरवून बघा, त्याखाली नको. ४० प्रोफाइलच्या टायरला रिम वाकायची भीती असते. पुढची हवा आहे तशी.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पूर्ण ४०२ मीटरच्या वेळेपेक्षा पहिल्या साठ फुटांच्या वेळेकडे बघा, कारण सस्पेन्शनचा खेळ तिथेच संपतो. मित्राला बाजूला उभं करून मोबाइलवर मंदगती व्हिडिओ घ्यायला सांगा. नाक उचललं आणि लगेच आपटलं तर पुढचा रिबाउंड फार सैल आहे, दोन क्लिक परत घ्या. मागचा भाग खाली बसून मग टायर फिरले तर मागचं कॉम्प्रेशन आणखी एक क्लिक घट्ट. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे. सुटताना ब्रेक-ॲक्सिलरेटर एकत्र दाबून आरपीएम फार चढवू नका. १२००-१५०० पासून सुरू करा आणि पाय एकदम न आपटता चढत्या दाबाने द्या. हे फुकट आहे, आणि बऱ्याच जणांना यातच सगळ्यात जास्त फायदा मिळतो.

फाटकातून बाहेर पडण्याआधी लिंक जोडणं, क्लिक मूळ आकड्यावर आणणं आणि हवा भरणं, ही तीन कामं कागदावर लिहून तो कागद स्टिअरिंगला चिकटवा. छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर डिकीत असू द्या. थकलेला माणूस रात्री हीच कामं विसरतो. ड्रॅग रेडियल हवेच असतील तर मागच्या दोन चाकांचा वेगळा संच करा. तो दुसऱ्या गाडीतून पट्टीवर न्यायचा, तिथेच चढवायचा आणि तिथेच उतरवायचा. त्यांचा बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळपास ठेवा, नाहीतर एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचा मेळ लागत नाही आणि दिवे पेटतात.

तुमच्यासारखे आणखी काही वाचक आहेत ज्यांच्याकडे पोलो किंवा ऑक्टाव्हियासारखी पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे. त्यांना नाक उचलायचा सेटअप कुणी विकत असेल तर तो सरळ नाकारा. तिथे सुटताना वजन ओढणाऱ्या चाकांवरून निघून जातं, म्हणून उपाय नेमका उलटा असतो : मागचा भाग कमी बसावा आणि नाक खाली राहावं.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेयरला सुटा बार दिसला तर दाव्याचं काय होईल ते सांगायला नको. आणि पत्रात ओझरता उल्लेख आहे तो ‘रात्री हायवेवर एखादी रन’चा. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि शिरवळच्या त्या पट्ट्यावर उलट्या दिशेने येणारी विनादिव्याची ट्रॉली तुमच्यापेक्षा जास्त नियमित असते. धावपट्टीवर खेळा.

एक पर्याय राहिला. शर्यतीची हौस वाढतच गेली आणि साठ फुटांतल्या एका दशांश सेकंदासाठी झोप उडू लागली, तर शर्यतीपुरती वेगळी, स्वस्त, मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी बघा आणि ती फ्लॅटबेडवरून न्या. तिला मिस्त्रीची अख्खी यादी बसवा. मस्टँगवर मात्र या महिन्यात फक्त टायरची तारीख वाचा, अलाइनमेंटचा कागद काढा आणि जॅकवर चढवून सबफ्रेमच्या चारही बुशांना चिरा आहेत का ते टॉर्च लावून बघा. जमलं तर त्या वेळी दादांनाही गॅरेजमध्ये सोबत न्या.